दोन चौकटींच्या मधला हात

किंग काँगच्या अंगावरचे केस सतत हलत असतात. १९३३ चा तो चित्रपट पुन्हा कधी बघाल तेव्हा गोष्टीकडे जरा दुर्लक्ष करून त्याच्या खांद्याकडे आणि छातीकडेच बघा. काँग स्थिर उभा असतो, वाऱ्याचा मागमूस नसतो, तरी केस एकदा इकडे लवतात, एकदा तिकडे. खरं तर ती जेमतेम दीड फुटाची बाहुली, सशाची कातडी चढवलेली. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस छायाचित्रं लागायची आणि प्रत्येक छायाचित्राआधी विलिस ओब्रायन किंवा त्याचा सहकारी त्या बाहुलीचा हात, मान, बोट केसभर सरकवायचा. सरकवताना धरलं तिथले केस दबायचे. पुढच्या चौकटीत दुसरीकडचे दबायचे. ते लपवणं शक्यच नव्हतं. असं सांगतात की स्टुडिओतल्या वरिष्ठांनी पहिली दृश्यं पाहिली आणि ते खूश झाले: वा, राग आला की याचे केससुद्धा उभे राहतात!

हा किस्सा मला फार प्रिय आहे, आणि त्याला कारण माझा धंदा. मी भाषांतरं करते. मजकुरावर आमच्या बोटांचे ठसे दिसले की त्याला दोष म्हणायची पद्धत आहे.

प्रागैतिहासिक प्राण्यांच्या या चित्रपटांशी माझी ओळख इंदूरला झाली, १९८९–९० च्या सुमारास. मामाने व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी कॅसेट आणली होती, ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ ही. हॅमर या ब्रिटिश कंपनीचा १९६६ चा चित्रपट. त्यातली रॅकेल वेल्च आणि तिची कातड्याची बिकिनी जगप्रसिद्ध आहे. मामाने कॅसेट नेमकी कशासाठी आणली असावी हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. पण त्या रात्री खोलीत आजीही होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही बेताचीच. तरी आमच्या घरी लागलेल्या परदेशी चित्रपटांपैकी हा एकच तिने शेवटपर्यंत पाहिला, कारण त्यात कुणालाच कुठली भाषा येत नाही. सुरुवातीचं थोडं निवेदन सोडलं तर पात्रं बनवलेले शब्द बोलतात: हुंकार, हाका, एकमेकांची नावं. टुमाक, लोआना. ‘आता काय म्हणाला गं?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न त्या रात्री एकदाही आला नाही. आला तो वेगळाच. एका वस्तीत अ‍ॅलोसॉरस शिरतो, माणसं भाले घेऊन धावतात, तो प्रसंग चालू असताना आजीने विचारलं, ‘याला चालवतोय कोण?’

आजीचं माहेर सावंतवाडीकडचं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या तिने लहानपणी पाहिल्या होत्या. दोरा दिसला नाही तरी कुणीतरी तो धरलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. मामा म्हणाला, ‘मशीन असेल आतमध्ये.’ आजीला ते पटलं नाही.

तिचा अंदाज बरोबर होता. त्या अ‍ॅलोसॉरसला रे हॅरीहाउसेन नावाचा एक माणूस चालवत होता, एकटाच, बंद खोलीत, कित्येक आठवडे.

पण हॅरीहाउसेनच्या आधी ओब्रायन. १८८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जन्मलेला हा माणूस गुराखी, संगमरवर कोरणारा, वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार असं काय काय करून झाल्यावर छोट्या बाहुल्यांकडे वळला. ‘द डायनोसॉर अँड द मिसिंग लिंक’ हा त्याचा काही मिनिटांचा विनोदी चित्रपट १९१५ चा. एडिसनच्या कंपनीने तो विकत घेऊन १९१७ मध्ये लोकांसमोर आणला. याच्या थोडं आधी विन्सर मॅके याने ‘गर्टी’ नावाची डायनोसॉरीण कागदावर चितारून चालवली होती (१९१४), पण ती रेषांची होती. ओब्रायनच्या प्राण्यांना वजन होतं, त्यांची सावली पडत होती.

याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके काय करत होते हे आठवलं की मला गंमत वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, पैसे घालणाऱ्यांना या नव्या कलेची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचा अंकुर, मग रोप, मग वेल पडद्यावर काही क्षणांत वाढवून दाखवली. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात आगकाड्या आपापल्या चालायच्या, आकार घ्यायच्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. ओब्रायनला फाळके माहीत असण्याचं काही कारण नाही, फाळक्यांना ओब्रायनही नाही. दोघांच्या हाती एकच युक्ती आली होती: कॅमेरा थांबला असताना जे घडतं ते प्रेक्षकाला दिसत नाही. एकाने त्यातून वाटाणा उगवला, दुसऱ्याने डायनोसॉर. ‘किंग काँग’च्या चित्रणाच्या वेळी मांडणीतल्या एका खऱ्या रोपाला मध्येच फूल आलं आणि प्राणी काही पावलं चालेपर्यंत ते कॅमेऱ्यासमोर भराभरा उमललं, त्यामुळे दृश्य पुन्हा घ्यावं लागलं, अशीही एक गोष्ट सांगतात. ओब्रायनच्या दृष्टीने तो घोटाळा. फाळक्यांनी तेच मुद्दाम केलं होतं.

ओब्रायनचं नाव झालं ते १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मुळे, आर्थर कॉनन डॉइलच्या कादंबरीवरच्या मूकपटामुळे. त्याच्या तीन वर्षं आधीचा एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. जून १९२२ मध्ये न्यू यॉर्कला अमेरिकन जादूगारांच्या संघटनेची मेजवानी होती. पाहुणा म्हणून आलेल्या डॉइलने तिथे, काहीही खुलासा न करता, ओब्रायनच्या चाचणी-चित्रणाचा एक तुकडा दाखवला. डायनोसॉर चरताहेत, झुंजताहेत. समोर बसलेल्यांत हूडिनीसारखा जादूगार होता. दुसऱ्या दिवशी न्यू यॉर्क टाइम्समध्ये बातमी आली, आणि हे प्राणी खरे की खोटे याचा निवाडा बातमीदाराने मोकळाच ठेवला होता. लगेच डॉइलने पत्र लिहून गुपित फोडलं. हाच डॉइल त्या काळात दोन मुलींनी कागदी आकृत्यांसोबत काढलेल्या ‘पऱ्यांच्या’ छायाचित्रांवर पूर्ण श्रद्धा ठेवून होता, आणि त्याच वर्षी त्यावरचं त्याचं पुस्तकही निघालं. जादूगारांना रबरी डायनोसॉरने चकवणारा माणूस कागदी पऱ्यांना फसला होता. असो.

‘द लॉस्ट वर्ल्ड’मधले प्राणी घडवले मार्सेल डेलगाडोने. मेक्सिकन कुटुंबातला हा तरुण किराणा दुकानात काम करायचा आणि उरलेल्या वेळात कलाशाळेत मूर्तिकाम शिकायचा. ओब्रायनला तो तिथेच भेटला. धातूचा सांगाडा, त्यात उखळी-गोळ्याचे सांधे, त्यावर स्पंज आणि कापसाचे स्नायू, वर द्रवरूप रबराची कातडी. काही प्राण्यांच्या पोटात फुगवता येणारा ब्लॅडर, म्हणजे त्यांना धाप लागलेली दिसायची. रूप कसं द्यायचं हे ठरलं चार्ल्स नाइट या चित्रकाराच्या चित्रांवरून. त्याने संग्रहालयांसाठी लुप्त प्राण्यांची चित्रं काढली होती. हाडांवरून नाइट, नाइटवरून डेलगाडो, डेलगाडोवरून ओब्रायन. मूळ संहिता दगडात, आणि तीही तुटकी. प्रत्येकाने मधल्या गाळलेल्या जागा आपल्या समजुतीने भरल्या. आमच्या व्यवसायात याला भाषांतराचं भाषांतर म्हणतात आणि नाकं मुरडतात. तरीही शेपटी जमिनीवर फरफटत नेणारा तो जाडजूड, मंद डायनोसॉर दोन पिढ्यांच्या डोक्यात घर करून बसला. पुढे शास्त्रज्ञांनी शेपटी उचलली, पाठ आडवी केली. माझ्या स्वप्नात येतो तो अजून शेपूट ओढतच येतो.

या चित्रपटाचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. बोलपट आल्यावर मूकपटाच्या प्रती मागे घेण्यात आल्या, नष्ट करण्यात आल्या, आणि कित्येक दशकं लोकांना फक्त त्याची कापून लहान केलेली आवृत्ती बघायला मिळाली. १९९० नंतर चेक चित्रपट-संग्रहातल्या एका बऱ्याचशा पूर्ण प्रतीमुळे त्याची पुनर्रचना शक्य झाली. इंग्रजी कादंबरीवरचा अमेरिकन चित्रपट प्रागमध्ये जिवंत राहिला.

‘किंग काँग’ने ओब्रायनला कीर्ती दिली, पण त्याच वर्षाने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ऑक्टोबर १९३३ मध्ये, घाईघाईने काढलेल्या ‘सन ऑफ काँग’चं काम चालू असताना, त्याच्या विभक्त पत्नीने त्यांच्या दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या. त्या चित्रपटाविषयी पुढे तो बोलत नसे. त्यानंतरची त्याची बरीच वर्षं न झालेल्या चित्रपटांत गेली: चित्रं काढायची, बाहुल्या करायच्या, आणि निर्मात्याचे पैसे संपायचे. १९६० मध्ये ‘द लॉस्ट वर्ल्ड’ पुन्हा काढला तेव्हा त्याला कामावर घेतलं खरं, पण प्राणी म्हणून जिवंत सरड्यांना शिंगं आणि कल्ले चिकटवून वापरण्यात आलं. ते स्वस्त पडत होतं. तो चित्रपट मी पाहिला आहे. सरडे खरे आहेत, श्वास घेतात, डोळे मिटतात, आणि पडद्यावर क्षणभरही डायनोसॉर वाटत नाहीत. त्यांना आपण कुणाची भूमिका करतोय हे माहीतच नाही. १९६२ मध्ये ओब्रायन गेला.

तेरा वर्षांचा हॅरीहाउसेन १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या थिएटरातून ‘किंग काँग’ बघून बाहेर पडला आणि पुढचं आयुष्य त्याने हे कसं केलं असेल याच प्रश्नावर काढलं. वडील यंत्रकारागीर, ते बाहुल्यांचे धातूचे सांगाडे करून द्यायचे. आई कपडे शिवायची. रे ब्रॅडबरी हा त्याचा पोरवयातला मित्र, दोघेही डायनोसॉरवेडे. १९४९ च्या ‘मायटी जो यंग’मध्ये त्याला खुद्द ओब्रायनच्या हाताखाली काम मिळालं आणि बाहुल्या चालवण्याचं बहुतेक काम त्यानेच केलं. मग १९५३ मध्ये ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’. याच्या मुळाशी ब्रॅडबरीचीच कथा: दीपगृहाच्या भोंग्याचा आवाज समुद्राच्या तळाशी असलेल्या शेवटच्या प्राण्याला आपल्या जातभाईची साद वाटते आणि तो वर येतो. चित्रपटात या कल्पनेतलं फार थोडं उरलं. पण दीपगृहावर झेपावणाऱ्या त्या प्राण्याची काळी आकृती दिसते त्या अर्ध्या मिनिटात कथा पूर्ण येते.

हॅरीहाउसेनची रीत थोडी समजावून सांगते. आधी नटांचं चित्रण व्हायचं. ते रिकाम्या हवेवर भाले फेकायचे. मग ते चित्रण एका लहान पडद्यावर मागून एकेक चौकट करत पाडायचं आणि त्यापुढे टेबलावर बाहुली ठेवायची. कॅमेरा आणि बाहुली यांच्यामध्ये काच. चित्राचा जो भाग बाहुलीच्या पुढे यायला हवा, समजा खडक किंवा जमीन, तेवढा काचेवर काळ्या रंगाने झाकायचा. दृश्य पूर्ण झालं की फिल्म मागे घेऊन उलट करायचं: आता झाकलेलंच फक्त टिपायचं. म्हणजे एकाच खऱ्या दृश्याचे दोन काप करून मध्ये बाहुली सरकवायची. १९५८ पासून या रीतीला ‘डायनामेशन’ असं भारदस्त नाव मिळालं. एका मिनिटाला १,४४० चौकटी, आणि मध्येच फोन वाजला तर कुठला पाय वर जात होता हे डोक्यात धरून ठेवायचं.

जपानच्या त्सुबुराया यांनाही ‘किंग काँग’चंच वेड होतं, पण १९५४ च्या ‘गोजिरा’साठी इतका वेळ कुठून आणणार? त्यांनी माणसालाच रबरी पोशाखात उभं केलं. त्यातूनही थोर परंपरा निघाली. ती वेगळी.

या बाहुल्या अडखळत चालतात, झटके देतात, असं सगळेच म्हणतात. त्याचं कारण साधं आहे. खरा घोडा धावताना टिपला तर प्रत्येक चौकटीत त्याचे पाय किंचित फराटलेले येतात, कारण कॅमेऱ्याचा पडदा उघडा असतो तेवढ्यात ते हललेले असतात. बाहुली मात्र छायाचित्राच्या क्षणी ठार स्थिर असते. तिची प्रत्येक चौकट लख्ख, स्पष्ट. अडखळणं येतं ते या अतिस्पष्टतेतून. ज्या क्षणांत ती हलली ते सगळे क्षण फिल्मवर नाहीत. तिथे एका माणसाचा हात होता, आणि तो बाजूला झाल्यावरच कॅमेरा उघडला. ‘याला चालवतोय कोण’ याचं उत्तर प्रत्येक दोन चौकटींच्या मध्ये आहे.

माणूस आणि डायनोसॉर कधीच एका काळात नव्हते, मधे सहा कोटींहून जास्त वर्षं आहेत, हे हॅरीहाउसेनला माहीत होतं. प्राध्यापकांसाठी आपण चित्रपट काढत नाही आणि तसेही ते हे बघायला येत नाहीत, अशा अर्थाचं तो म्हणायचा. १९६६ च्या चित्रपटात पहिला प्राणी म्हणून त्याने खरी इग्वाना वापरली; आधी खरं बघितलं की पुढचं पटेल असा हिशोब. तो चुकला, हे त्याने पुढे कबूल केलं. आजी त्या इग्वानाला बघून म्हणाली होती, ‘हा सरडा आहे.’

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हॅमरने याच्या पाठोपाठ १९७० मध्ये ‘व्हेन डायनोसॉर्स रूल्ड द अर्थ’ काढला. त्यातले प्राणी जिम डॅनफर्थचे, आणि सुंदर. या चित्रपटाची मूळ कथा-रूपरेषा जे. जी. बॅलार्ड या मोठ्या कादंबरीकाराने लिहिली होती. पात्रांना मिळाले सुमारे २७ शब्द. श्रेयनामावलीत बॅलार्डच्या नावाचं आद्याक्षरही चुकीचं छापलं गेलं. तौलनिक साहित्याचं एम.ए. करत असताना मी एकदा वर्गात म्हटलं होतं की भाषांतराची गरजच नसलेला एक चित्रपटप्रकार आहे आणि त्यावर निबंध लिहिता येईल. सर हसले. विषय बदलला.

मला स्वतःला यांतला सर्वात जवळचा वाटतो तो कारेल झेमानचा १९५५ चा चेक चित्रपट, ‘त्सेस्ता दो प्राव्येकु’. आरंभकाळाकडे प्रवास. चार मुलं होडीतून नदीने निघतात आणि पुढे जाताना काळात मागे मागे जातात: मॅमथ, मग डायनोसॉर, मग त्याही आधीचं जंगल. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला वाचवत नाही. ती वहीत नोंदी करतात. वाटेत एक मेलेला स्टेगोसॉरस पडलेला दिसतो. मुलं त्याच्याजवळ जातात, त्याला मोजतात. सुरुवातीला त्यातल्या धाकट्याला ट्रायलोबाइटचा जीवाश्म सापडलेला असतो, आणि अखेर आद्य समुद्राच्या काठी पोचल्यावर त्याच्या हातात जिवंत ट्रायलोबाइट येतो. राक्षसी प्राण्यांच्या चित्रपटाचा शेवट तळहातावर मावणाऱ्या किड्यावर. इंदूरपासून गाडीने काही तासांवर, धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात, डायनोसॉरच्या अंड्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला तेव्हा मला आठवण झाली ती या मुलांची. कॅसेटची मुदत सकाळी दहाला संपते म्हणून आम्ही रात्री जागत होतो तेव्हाही ती अंडी तिथेच होती.

‘ज्युरासिक पार्क’ १९९४ मध्ये आमच्याकडे हिंदीत आला. मी सातवी-आठवीत. थिएटरात पाण्याच्या पेल्यात तरंग उठले तेव्हा सगळं सभागृह गप्प झालं, आणि मला कळलं की टुमाक-लोआनाचे दिवस संपले. ते कसे संपले हे पुढे वाचलं. फिल टिपेट हा हॅरीहाउसेनला गुरू मानणारा कलाकार. बाहुलीला छायाचित्राच्या क्षणी मोटरने किंचित हलवून ती फराट पकडायची, ही ‘गो-मोशन’ रीत त्याने आणि सहकाऱ्यांनी ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये (१९८१) वापरली होती. ‘ज्युरासिक पार्क’चे प्राणीही तसेच चालणार होते. मग डेनिस म्यूरेनच्या गटाने संगणकावर चालवलेल्या डायनोसॉरची चाचणी दाखवली. ती पाहून टिपेट म्हणाला की आता आपणच नामशेष. स्पीलबर्गने ते वाक्य उचललं आणि चित्रपटात पात्रांच्या तोंडी घातलं. त्यानंतर टिपेट आजारी पडला.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने मला एक कादंबरी पाठवली, यंत्राने मराठीत केलेली. ‘काही नाही, नुसता वरून हात फिरवायचा आहे,’ असं ते म्हणाले, आणि दरही हात फिरवण्याचाच सांगितला, नेहमीच्या निम्म्याहून कमी. मी काम घेतलं. मसुद्यात व्याकरणाच्या चुका फारशा नव्हत्या. कुठेच अडखळत नव्हतं, आणि सगळं किंचित फराटलेलं होतं: सासू, सून, पोलीस, कुत्रा, सगळे एकाच चालीने चालणारे. तिसऱ्या प्रकरणाला मी मूळ पुस्तक उघडलं आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. तीन महिने लागले. पैसे हात फिरवण्याचेच मिळाले. तक्रार नाही, कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

टिपेटला स्पीलबर्गने सोडलं नाही. संगणकावर काम करणाऱ्या तरुणांना प्राणी वजन कसं टाकतो, वळण्याआधी कुठे थबकतो, हे कळत नव्हतं. मग टिपेटच्या माणसांनी सांध्यासांध्यात संवेदक बसवलेला धातूचा डायनोसॉर तयार केला. तो जुन्या पद्धतीने हातांनी, चौकटीगणिक सरकवायचा आणि त्या हालचाली संगणकात जायच्या. म्हणजे मी गप्प होऊन पाहिलेल्या त्या चित्रपटातही काही पावलं माणसांच्या बोटांनी टाकलेली होती. त्यासाठीच्या ऑस्करमध्ये टिपेटचाही वाटा होता.

हॅरीहाउसेन ७ मे २०१३ रोजी लंडनला वारला, ९२ वर्षांचा होऊन. रबर टिकत नाही. वर्षं गेली की कडक होतं, भेगा पडतात, चुरा होतो. जुन्या बाहुल्यांचे सांगाडे काढून त्याने स्वतःच कित्येकदा नव्या प्राण्यांत घातले होते. उतारवयात त्याने आपल्या काही प्राण्यांच्या कांस्यमूर्ती केल्या. त्या हलत नाहीत. टिपेटने ‘ज्युरासिक पार्क’च्या वेळी गुंडाळून ठेवलेलं स्वतःचं काम वीसेक वर्षांनी पुन्हा बाहेर काढलं, सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या स्वयंसेवकांना हाताशी धरून एकेक चौकट पुरी केली, आणि २०२१ मध्ये ‘मॅड गॉड’ दाखवला. मी तो पाहिला. भयंकर आहे, किळसवाणा आहे, माझ्या आवडीचा मुळीच नाही. एका ठिकाणी मी तो थांबवला आणि चौकट चौकट पुढे नेत बघत बसले.